युद्धसभेतला पॅलाडिन : तलावात विष टाकायला त्यानं ‘नाही’ म्हटलं, आता पुढं काय?

फासेवाला_सोलापूर

मंडळी, आमच्या घरच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) कॅम्पेनमधली युद्धसभा रविवारी अर्धवट सुटली. पुढच्या बैठकीआधी विषय इथं टाकतोय, कारण टेबलावरचं भांडण टेबलावर राहिलं नाही. पार्क चौकात गाड्या लावून आम्ही पुन्हा तेच बोलत उभे होतो.

आधी परिस्थिती. राणीच्या फौजेनं शत्रूच्या ताब्यातल्या एका भुईकोटाला वेढा घातलाय. नकाशा काढताना माझ्या डोळ्यापुढं आपलाच सोलापूरचा किल्ला होता : दुहेरी तट, बुरूज, खंदक आणि एका अंगाला तलाव. आत शिबंदी ६०० ची, पण कोटात अडकलेली रयत ४०००. विणकर, कुंभार, तेली, त्यांची पोरंबाळं. आतल्या सगळ्या विहिरींना तलावाचाच पाझर. राणीची फौज २२००, छावणीत धान्य १९ दिवसांचं. त्यानंतर पाऊस, आणि काळ्या रानात पाऊस झाला की गाडे कसे रुततात ते आपल्याला कुणी सांगायला नको. शत्रूची कुमक २५ दिवसांवर.

सभेत राणी, सेनापती, कोठीवाला, डोंगरी टोळ्यांची नायकीण, हेरांचा प्रमुख आणि पॅलाडिन, म्हणजे शपथेनं बांधलेला, दैवी शक्तीचा योद्धा. हेरांच्या प्रमुखानं ठराव मांडला : ओढा जिथं तलावाला मिळतो तिथं विष सोडायचं. तीन-चार दिवसांत दरवाजा आतून उघडेल. सेनापतीनं मान डोलावली. राणी गप्प. पॅलाडिन उठला आणि म्हणाला, मी या छावणीत असेपर्यंत हे होणार नाही. मग दुसरा उपाय काय, असं विचारल्यावर म्हणाला, उपाय शोधू, पण हे नाही. सेनापती माझ्याकडे आहे. त्याच्या तोंडून मी विचारलं, “तुझ्या व्रतापायी आमची पोरं तटाखाली मरायची का?” तिथं वेळ संपली.

माझं मत सरळ सांगतो. त्या तंबूत किल्ला घेतल्यानंतरच्या दिवसाचा विचार करणारा माणूस एकटा तोच होता. किल्ला उद्या आपला झाला तर ती रयत आपली, ती विहीर आपली. पण दोन खेळाडूंचं म्हणणं असं की पॅलाडिन हा खेळ अडवणारा माणूस आहे, सभेत त्याला बोलावूच नये. मला ते पटत नाही. तुम्ही पॅलाडिन असता तर सभेत काय बोलला असता? आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी त्याच्या नकाराला किती वजन द्यावं?

होटगीरोड

हेरांचा प्रमुख मी खेळतो, त्यामुळं माझी बाजू मीच मांडतो. मला विष टाकायची हौस नाही. पण हिशेब बघा की. दुहेरी तटावर शिड्या लावून चढायचं म्हणजे पहिल्या तटावर मरायचं, मधल्या पट्ट्यात कोंडून पुन्हा मरायचं. किमान ७०० माणसं पडतील, हे सेनापतीच सभेत म्हणाला. ती ७०० पण कुणाची तरी पोरंच आहेत. शेतातून उठवून आणलेली. त्यांनी कुठल्या देवापुढं शपथ घेतली नव्हती. पॅलाडिनचे हात स्वच्छ राहतात आणि त्यापायी दुसऱ्यांचे हात तुटतात, हे मला मान्य नाही.

वेढा उठवला तर आणखी वाईट. कुमक येणार, पुढच्या वर्षी तोच किल्ला आणि दुप्पट शिबंदी. त्या ४००० रयतेच्या मानेवर अजून एक वर्ष शत्रू बसणार. हे पण त्याच्या नावावर मांडा. नाही म्हणणाऱ्याच्या खात्यावर काहीच पडत नाही, असं कसं चालेल?

पूर्वभाग

पॅलाडिन माझा आहे. विष टाकलं तर माझी शक्ती जाईल म्हणून मी उठलो, असं टेबलावर कुणीतरी म्हणालं. तसं नाही. शक्ती गेली असती तरी मी उठलोच असतो.

आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या रात्री येतं त्या रात्री आजी दोन वाजता उठून बसते. पहिला हंडा भरला की ती त्यात हात घालून पाणी नाकाशी नेते, वास बघते, मग पाटावर ठेवते आणि पुढचा लावते. सगळं घर झोपलेलं असतं. हेरांच्या प्रमुखानं “ओढ्याच्या तोंडाशी सोडायचं” म्हटलं तेव्हा मला कोटातली अशीच एक म्हातारी दिसली. तिला वास येणार नाही, कारण विष बिनवासाचं निवडलंय. ती पहिला पेला नातवाला देणार. मला दुसरा उपाय त्या क्षणी माहीत नव्हता. पण एखादी गोष्ट करायची नाही हे आधी ठरलं, तरच माणूस दुसरा उपाय शोधायला बसतो. विष चालतं असं एकदा ठरलं असतं, तर त्या सभेत तिसरा मार्ग कुणी शोधला असता का?

बार्शीचा_बार्ड

नियमांचं थोडं सांगतो, कारण शक्ती जाण्याचा विषय निघाला. पॅलाडिन हा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, खेळात १९७५ च्या पुरवणीतून आला. तेव्हापासून कितीतरी वर्षं पॅलाडिन सज्जन आणि नियमानं चालणाराच असावा लागे, आणि जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण जाई. त्यामुळं डीएमच्या हाती काठी आली. पुष्कळ टेबलांवर डीएमनी मुद्दाम असे प्रसंग रचले की काहीही केलं तरी पॅलाडिन पडणारच. या वर्गाचं नाव तिथं खराब झालं. २००८ च्या आवृत्तीत ती अट गेली. २०१४ पासून प्रत्येक पॅलाडिन आपली शपथ निवडतो आणि त्या शपथेला बांधील राहतो. सूडाची शपथ घेतलेला पॅलाडिन या सभेत कदाचित हेराच्या बाजूनं बोलला असता. आपल्या पूर्वभागची शपथ भक्तीची आहे, म्हणजे सत्य, धैर्य, करुणा, मान आणि कर्तव्य. यातलं शेवटचं विसरू नका. कर्तव्यात आपल्या हाताखालच्यांचं रक्षणही येतं. होटगीरोडची ७०० पोरं त्या शपथेतच आहेत.

आता डावाचं. पॅलाडिनकडे झोन ऑफ ट्रुथ हा मंत्र आहे. १५ फूट त्रिज्या, १० मिनिटं. आत उभा असलेला जो कुणी सेव्हमध्ये (मंत्रापासून वाचायला टाकायच्या फाशात) नापास होतो त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. कोण नापास झालं ते मंत्र टाकणाऱ्याला कळतं. गप्प बसता येतं, आडून बोलता येतं, पण खोटं नाही. सभेच्या मधोमध तो टाकावा आणि आधी स्वतः आत उभं राहावं. मग सेनापतीला विचारावं : ७०० हा आकडा तुम्ही मोजला की घाबरवायला सांगितला? चोरून टाकला तर अपमान होईल, राणीसमोर सांगून टाकला तर सभा त्याला मानेल.

इतिहासाच्या_बाई

मुलांनो, तुमचं भांडण वाचून मला खरीखुरी एक युद्धसभा आठवली. तिच्यात अंगावर क्रूस मिरवणारा, शपथ घेतलेला योद्धाच बसला होता.

साल ११८७, जुलै महिना. जेरुसलेमचा राजा गी आपली सगळी फौज घेऊन सफ्फुरियाच्या झऱ्यांपाशी तळ देऊन होता. पाणी भरपूर, जागा भक्कम. सलाहुद्दीननं तिबेरियासला वेढा घातला. तिथल्या गढीत अडकली होती त्रिपोलीच्या काउंट रेमंडची बायको. सभा बसली. “चला, तिला सोडवू” असं रेमंडनं म्हणावं, अशी कुणाचीही अपेक्षा असणार. तो उलट बोलला. गाव जाऊ दे, उन्हाळा आहे, वाटेत फौजेला पुरेल एवढं पाणी नाही, आपण झरे सोडून यावं हेच सलाहुद्दीनला हवं आहे. ज्याचं घर जळत होतं तोच म्हणत होता की थांबा. सभेला पटलं.

रात्री टेम्पलर योद्ध्यांचा प्रमुख जेरार राजाच्या तंबूत गेला. तो संन्यासी योद्धा, धर्मासाठी लढण्याची शपथ घेतलेला. रेमंड फितूर आहे, गाव सोडलं तर तुझी नाचक्की होईल, असं त्यानं राजाच्या मनात भरवलं. ३ जुलैला पहाटे फौज निघाली. ४ जुलैला हत्तीनच्या दोन सुळक्यांपाशी ती तहानेनं व्याकूळ अवस्थेत कापली गेली. ऑक्टोबरमध्ये जेरुसलेम पडलं. पकडलेल्या टेम्पलरांची मुंडकी उडवली गेली. जेरार मात्र वाचला.

मी हे पॅलाडिनला गप्प करायला सांगत नाही. पूर्वभाग, तुझं ‘नाही’ मला मान्य आहे. पण जेरार आणि रेमंड या दोघांत तुझ्या पॅलाडिननं कुणासारखं व्हायचं ते बघ. जेरारपाशी शपथ होती, पण त्यानं पाणी मोजलं नाही. रेमंडनं पाणी मोजलं, आणि मोजताना स्वतःचं माणूस आधी पणाला लावलं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रेमंड सर्वांदेखत बोलला, जेरार रात्री एकट्या राजाला गाठून बोलला. तुझ्या पॅलाडिननं राणीच्या तंबूत रात्री एकटं जाऊ नये. बरोबर असला तरी जाऊ नये.

भीमाकाठ

मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडं या सभेचा निकाल गावानं कधीच लावलाय. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं रयतेला खुली केली. ते स्वतः बेदरच्या बादशहाचे नोकर. धान्य त्यांचं नव्हतं, हुकूमही नव्हता. तरी उघडली. पॅलाडिन म्हणजे मला दामाजीपंतच वाटतात. माणसं मरत असताना हिशेब कसले मागता?

होटगीरोड

भीमाकाठ, दामाजीपंतांना माझाही नमस्कार. पण कथेत पुढं काय होतं? बादशहाचे पैसे भरायला विठोबा विठू महार होऊन बेदरला जातो. आमच्या छावणीतलं धान्य वाटलं तर भरपाई करायला कोण येणार आहे? मी थट्टा करत नाही, खरंच विचारतोय. पॅलाडिनच्या मागं देव आहे हे तर खेळातच लिहिलंय. मग त्या देवानं काहीतरी करावं की.

भीमाकाठ

विठोबा येणार हे दामाजीपंतांना कोठार उघडताना ठाऊक नव्हतं. बेड्या घालून नेतील एवढंच ठाऊक होतं. तेवढ्यावर त्यांनी उघडलं. पॅलाडिननंही देव येईल असं धरून चालू नये. बेड्या पडतील असं धरून चालावं.

इतिहासाच्या_बाई

होटगीरोडच्या प्रश्नाला दुसरं उत्तरही आपल्याकडं आहे. शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र मिळालं तर सगळ्यांनी वाचा. रयतेला त्रास देऊ नका, हे त्यातलं सांगणं सगळ्यांना माहीत असतं. पण महाराज ते कसं सांगतात ते बघा. दाणागवत आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत ओढून आणाल. मग कुणबी परागंदा होतील, काही उपाशी मरतील, आणि त्यांना वाटेल की मोगल बरे, तुम्ही त्यांच्याहून वाईट. पुढं छावणीतल्या आगीची काळजीही आहे. चुली, तंबाखूचे विस्तव, जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत.

नीती आणि गवताची गंजी एकाच पत्रात. रयतेचा विचार करणारा राजा उंदराचाही विचार करतो. तुमच्या पॅलाडिनला मी हाच गुरू देईन. “हे पाप आहे” एवढं म्हणून त्यानं बसू नये. “हे पाप आहे, आणि यातून पुढं हे, हे आणि हे होणार” असं टप्प्याटप्प्यानं राणीपुढं मांडावं.

पाटबंधारे_निवृत्त

मी हा खेळ खेळत नाही, नातू खेळतो, त्यानं धागा दाखवला. पाण्याचं मात्र मला कळतं, म्हणून लिहितो.

तलाव समजा ३०० मीटर लांब, २०० रुंद आणि सरासरी ३ मीटर खोल. म्हणजे १८ कोटी लिटर पाणी. एवढ्यात चार दिवसांत माणसं आडवी होतील इतकं विष मिसळायला गाड्याच्या गाड्या लागतील, आणि ते सारखं मिसळणारही नाही. ओढ्याच्या तोंडाशी जाड, पलीकडं पातळ. मधल्या मातीतून गाळून विहिरीत काय उतरेल हेही सांगता येत नाही. वरून पाऊस येतोय म्हणता. पाऊस आला की तलाव सांडव्यावरून वाहणार, आणि सांडव्याखाली तुमच्याच राणीची गावं असणार. तुमची घोडी कुठं पाणी पितात तेही बघा. म्हणजे हेरसाहेबांची योजना वाईट तर आहेच, शिवाय कच्ची आहे.

पाणी तोडणं आणि पाणी नासवणं यात फरक आहे. ओढा तलावाच्या वर अडवून दुसरीकडं वळवता येतो. तलाव खाली जाईल, विहिरी उतरतील, आतल्यांना दिसेल की पाणी चाललंय, आणि बोलणी करायला वेळ राहील. किल्ला मिळाला की बांध फोडा, पाणी परत. नासवलेलं पाणी असं परत येत नाही.

एक इशारा. तलाव उतरला की त्या बाजूनं चालत जाऊन तटाला भिडू, असं कुणाच्या मनात असेल तर काढून टाका. काळ्या मातीचा गाळ वरून भेगाळलेला दिसतो, खाली माणूस मांडीपर्यंत जातो.

फासेवाला_सोलापूर

काका, फार मोलाचं लिहिलंत. नकाशा काढताना मी एवढा विचार केला नव्हता, आता हे सगळं खेळात येईल. सांडव्याखाली तीन गावं मी आजच टाकतो.

तुमच्या लिहिण्यावरून एक सुचलं. आपल्या गावचा तलाव सिद्धरामेश्वरांनी खोदवला असं आपण लहानपणापासून ऐकतो. बाराव्या शतकातला एवढा मोठा योगी, आणि त्याची खूण म्हणून गावानं काय जपलं? अडुसष्ट लिंगं आणि एक तलाव. लोकांसाठी पाणी साठवणं हीच इथली साधना. पूर्वभाग, तुझ्या पॅलाडिनचा पंथ आपण अजून नीट ठरवला नाही. तलाव खोदणाऱ्यांचा पंथ घेऊ या का? दीक्षेच्या वेळी तलवारीआधी फावडं हातात देणारा. मग तलावात विष या शब्दांवर तो का उठला, हे सभेत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आणि ओढा वळवायचा मार्ग त्याच्याच तोंडी शोभेल, कारण खोदकाम त्याला येतं.

पूर्वभाग

घेतला. फावडं पण घेतलं.

अक्कलकोटकर

सगळे उपायावर आलात, चांगलं झालं. मला मात्र वेगळंच विचारायचंय. एवढं सगळं सांगूनही सभेनं विषाचाच ठराव केला तर? राणीनं मान हलवली तर? आदर्शवादी माणसाची खरी परीक्षा तिथून सुरू होते, आणि आपल्या महाभारतात तिचे एकाहून एक नमुने आहेत.

विकर्ण बघा. द्यूतसभेत भीष्म-द्रोण खाली माना घालून बसले असताना कौरवांतला हा धाकटा उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही असं स्पष्ट बोलला. कर्णानं त्याला पोरकट ठरवून बसवलं. पुढं युद्धात विकर्ण कौरवांकडूनच लढला आणि मेला.

कृपाचार्य त्याहून अवघड. शेवटच्या रात्री वडाखाली तिघेच उरलेत. घुबड झोपलेले कावळे मारतंय ते बघून अश्वत्थाम्याला झोपलेल्या छावणीवर पडायची बुद्धी होते. कृप त्याला सांगतात : आज झोप, उद्या धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू, झोपलेल्यांना मारणं धर्म नव्हे. सगळं बरोबर बोलतात. अश्वत्थामा ऐकत नाही, रथ जोडतो. आणि कृप त्याच्या मागोमाग जातात. दारात उभे राहून बाहेर पळणाऱ्यांना कापतात. सभेत धर्म सांगणारा माणूस तासाभरात दारावर उभा. मला ही जागा वाचवत नाही.

विदुरानं भागवतात वेगळं केलं. अपमान झाल्यावर धनुष्य दाराशी ठेवलं आणि तीर्थयात्रेला निघून गेला. युयुत्सूनं तिसरं केलं. युद्ध सुरू व्हायच्या आधी, दोन्ही सैन्यांदेखत, तो पांडवांकडं गेला.

तर पूर्वभाग, ठराव झाल्यावर तुझा पॅलाडिन यांतला कोण? हे त्यानं मतदानाच्या आधी सभेत सांगितलं पाहिजे असं माझं म्हणणं. नंतर करणं म्हणजे दगा. आधी सांगितलं तर तेही राणीला निर्णयात धरता येतं.

पूर्वभाग

दोन दिवस विचार करत होतो. कृपाचार्य नक्की नाही. दारावर मी उभा राहणार नाही. युयुत्सूही नाही, कारण आतल्या शत्रूला जाऊन खबर देणं म्हणजे आपल्याच पोरांचे गळे त्याच्या हाती देणं. विदुर होऊन निघून जाणं सोपं आहे, पण मी गेलो तरी विष पडणारच.

मी राणीला आधी सांगेन : ठराव झाला तर माझ्या तुकडीचा हुकूम मी परत करीन, तलवार तुमच्यापुढं ठेवीन आणि ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बसेन. कुणावर हात उचलणार नाही. विषाची गाडी येईल तेव्हा मला उचलून बाजूला करावं लागेल. करणाऱ्याला मी शापही देणार नाही.

होटगीरोड

बघ बे, हे पण साधं नाही. तुला उचलायला मला माझी माणसं पाठवावी लागणार, त्यातला एखादा तुला मानणारा निघणार, आणि छावणीत फूट पडणार. तू शस्त्र ठेवलंस तरी ते एक शस्त्रच आहे. पण उघडपणे सांगून करणार असशील तर मला चालेल. खेळ अडला असं मी म्हणणार नाही. आता तुझा उपाय सांग, आकड्यांसकट. कोठीवाल्याला काय सांगणार?

बार्शीचा_बार्ड

तोवर फासेवालाला एक विनंती. पॅलाडिन ओढ्यावर बसला तर त्याची शक्ती काढू नका, आणि बक्षीस म्हणून देवदूतही उतरवू नका. नकाराचं जे व्हायचं ते छावणीतल्या माणसांतून होऊ द्या.

पूर्वभाग

वही घेऊन बसलो होतो. बघा बरोबर आहे का.

ओढा वळवायला फासेवालानं ५ दिवस धरलेत. तोपर्यंत फौजेला पूर्ण शिधा, कारण खणणाऱ्याला अर्ध्या भाकरीवर खणता येत नाही. मग १४ दिवसांचं धान्य उरतं, म्हणजे ३०,८०० शिधे. विहिरी आटायला लागल्या की शिबंदी काय करेल? तिला तोंडं कमी करायची असणार. रयतेला ती स्वतःच दरवाज्याबाहेर काढेल. ४००० माणसं खंदकापाशी येऊन उभी राहतील. त्यांना आपल्या ओळीतून आत घ्यायचं. २२०० आणि ४०००, एकूण ६२००, सगळ्यांना अर्धा शिधा, राणीपासून हमालापर्यंत. दिवसाला ३१०० शिधे लागतात. म्हणजे जेमतेम १० दिवस.

५ आणि १० मिळून १५. विहिरी तोवर तळ दाखवतील असं मी धरलंय. शत्रूची कुमक २५ व्या दिवशी. दहा दिवस हाताशी राहतात, पण पोटाला काही राहत नाही. १५ व्या दिवशी किल्ला पडला नाही तर आपण उपाशी. हे मी सभेत लपवणार नाही. आणि माझ्या तुकडीचा शिधा पहिल्या दिवसापासून अर्धा करा, हे मी आधी सांगेन.

इतिहासाच्या_बाई

पूर्वभाग, तुझी खरी लढाई खंदकापाशी आहे. ती तू एका वाक्यात उरकलीस. फ्रान्समध्ये रूआँच्या वेढ्यात, १४१८ च्या हिवाळ्यात, नेमकं हेच झालं. शहरानं दुबळ्या माणसांना बाहेर काढलं. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीनं त्यांना आपल्या ओळीतून जाऊ दिलं नाही. तट आणि छावणी यांच्यामधल्या खंदकात ती माणसं थंडीत, उपाशी मेली. हेन्रीचं कारण तुमच्या सेनापतीच्या तोंडी सहज येईल : त्यांना बाहेर काढलं शहरानं, मी नव्हे. जानेवारीत शहर शरण आलं. म्हणजे त्याचा उपाय लागू पडला, हे लक्षात ठेव.

विषाचा ठराव बहुधा पडेल, काकांनीच तो पाडलाय. पण ओढा वळवायचं ठरलं की सगळे म्हणतील, ठीक, पाणी तोडू, आणि बाहेर आलेल्यांना परत आत ढकलू. ती माणसं आत राहिली तर पाणी लवकर संपतं. युद्धाच्या हिशेबानं ते खरंच आहे. तिथं तुझ्याकडं १८ कोटी लिटरचं गणित नसेल. तिथं काय बोलशील?

पूर्वभाग

बाई, तिथं मी सांगेन की यात तोटा आहे, तो एवढा आहे, आणि तो आपण सोसायचा. तेव्हा झोन ऑफ ट्रुथमध्ये उभा असेन, म्हणजे मी तोटा कमी करून सांगत नाही हे सगळ्यांना कळेल. त्यापलीकडं माझ्याकडं युक्तिवाद नाही. ती रयत राणीचीच आहे असं राणी म्हणत असेल, तर खंदकापाशी ती तिचीच आहे.

फासेवाला_सोलापूर

रविवारी सभा इथूनच पुढं सुरू करतो. नियम असे : ओढा वळवायला ५ दिवस, तोही डोंगरी टोळ्यांनी मदत केली तर. त्या फुकट करणार नाहीत, नायकिणीशी आधी बोलावं लागेल. रयत बाहेर कधी येईल हे शिबंदीच्या किल्लेदारावर, त्याचे फासे मी उघड्यावर टाकेन. शपथेवरून कुणाची शक्ती जाणार नाही. राणीचा निर्णय मी आधी ठरवलेला नाही आणि ठरवणारही नाही, तंबूत जे बोललं जाईल त्यावर ती ठरवेल. पॅलाडिनला पहिलं बोलू देतो.

होटगीरोड

माझा ठराव मी मागं घेत नाही. काकांच्या गणितानंतर तलावाचा आग्रह सोडला, पण शिबंदीच्या कोठीपर्यंत माणूस पोचवायचा मार्ग माझ्याकडं अजून आहे आणि तो मी सभेत मांडणार. फक्त शिबंदीच्या कोठीपुरता, रयतेच्या नाही. पॅलाडिननं त्यालाही नाही म्हटलं तर का, ते मला ऐकायचंय, कारण तिथं म्हातारी आणि नातू नाहीत, शस्त्र धरलेली ६०० माणसं आहेत.

आणि तुझ्या झोन ऑफ ट्रुथमध्ये उभं राहायला माझी हरकत नाही. सेनापतीला विचार.